हरणीच्या गळ्यातलं घुंगरू

केळापूरच्या बाजूला आमचं काळ्या मातीचं शेत होतं आणि शेतापलीकडे, नाल्याला लागून, बंजाऱ्यांचा तांडा. साठ सालाच्या आगेमागेची ही गोष्ट. तुरीच्या कापणीला तांड्यातल्या बायका आमच्याकडे यायच्या आणि त्यांच्याबरोबर माझ्याच वयाची एक मुलगी यायची. मी सातवीत होते, तिनं शाळा पाहिलेली नव्हती. पण भांडणात आम्ही तोडीस तोड होतो, म्हणूनच आमचं जमलं.

त्या वर्षी कापणी चालू असताना गावच्या कुत्र्यांनी एक हरणी फाडली. आम्ही ढेकळं घेऊन धावत पोचलो तोवर सगळं संपलं होतं. कुत्री हाकलून परत येताना मैत्रिणीला धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गवतात पाडस दिसलं. डोळे टक्क उघडे, पण अंग जराही हलत नव्हतं. आई येईपर्यंत असं पडून राहायचं, एवढंच त्याला माहीत होतं, आणि ते तसं पडून होतं.

माझा दादा तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा, उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत. धुऱ्यावर उभं राहून त्यानं हुकूम सोडले, घोंगडीत गुंडाळा, गाईचं दूध पाजा. आम्ही पाजलं. बोंडल्यातलं अर्धं दूध पाडसाच्या नाकात गेलं, उरलेल्यानं त्याला हगवण लागली. दुसऱ्या दिवशी ते मान उचलेना.

वाचवलं ते तांड्यानं. मैत्रिणीच्या घरच्या शेळीचं पिल्लू त्याच सकाळी मेलं होतं. तिच्या आईनं त्या मेल्या पिलाचं कातडं सोडवलं आणि पाडसाच्या पाठीवर सुतळीनं बांधलं. आई मेलेलं करडू दुसऱ्या शेळीला लावायचं तर ते लोक असंच करत, मात्र हरणाच्या पिलावर हा प्रयोग कुणी केलेला नव्हता. शेळीनं त्याला मागून हुंगलं, फिरून पुन्हा हुंगलं, आणि मागचे पाय फाकवून उभी राहिली. पाडस ढुशा देऊन प्यायला लागलं तशी मी रडायलाच लागले. दादा नाक शिंकरत म्हणाला, धूळ फार झाली आहे. आठवड्याभरात कातडं काढलं, तोवर शेळीला त्याची गरज उरली नव्हती.

मादी होती. मी तिच्यासाठी नावं शोधायला लागले, तर मैत्रीण माझ्या अंगावर धावून आली. "नाव ठेवलं का जनावर घरचं होते, मंग जात नाई," ती म्हणाली. हरणीला तिच्या कळपात पोचवायचं, हे तिनं पहिल्या दिवसापासून मनाशी धरलं होतं. आईला वाचवता आलं नाही, निदान लेकीला तिच्या माणसांत नेऊन सोडू, असं ती म्हणायची. हरणांना ती माणसंच म्हणे.

पावसाळ्यात हरणी शेळ्यांमागे चरायला जाऊ लागली. भीती कुत्र्यांची होती, आणि थंडीत शहरातून जीप घेऊन येणाऱ्या शिकाऱ्यांची. म्हणून तांड्याच्या नायकानं जुन्या घागरमाळेतलं एक पितळी घुंगरू काढून दिलं. त्यांचे पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहायचे, तेव्हाची ती माळ. घुंगराचं जनावर तांड्याचं, त्याला हात लावायचा नाही, हे आसपासच्या सगळ्या गावांना ठाऊक झालं. शिकाऱ्यांच्याही कानावर घातलं होतं.

ज्वारी निघाली, रान मोकळं झालं आणि लांबवर कळप दिसायला लागला. हरणीनं तो पाहिला की ती शेळ्या सोडून तिकडे धाव घ्यायची. तिच्या धावण्यानं घुंगरू वाजायचं, ते ऐकून कळप उधळायचा. ती थांबायची, वाट पाहायची, परत धावायची, आणि कळप पुन्हा उधळायचा. शेवटी शेळ्यांत येऊन नुसती उभी राहायची, गवताला तोंड लावायची नाही. ना शेळ्यांची राहिली, ना हरणांची झाली.

दादाचं म्हणणं, घुंगरू राहू द्या, जिवंत तर आहे. मैत्रिणीचं मात्र जेवणावरचं लक्ष उडालं, कामात विळा दोनदा बोटाला लागला. एकदा मला म्हणाली, "हे काय जिणं हाय वं? आपलेच मानसं आपल्याले पाहून पयतेत." आणि एका सकाळी तिनं त्याच विळ्यानं हरणीच्या गळ्यातली दोरी कापली.

हरणी कळपाकडे गेली. कळपानं माना वर केल्या, पण जागचा हलला नाही. एक म्हातारी मादी पुढे येऊन तिला हुंगून गेली. थोड्या वेळानं त्यातली आमची कोणती हे आम्हाला सांगता येईना. मैत्रीण हसत सुटली, हसता हसता खाली बसली. इतकं निर्मळ सुख मी नंतर फार कमी पाहिलं.

संक्रांत होऊन गेल्यावर एका दुपारी आमच्या विहिरीवर जीप थांबली. माणसं सभ्य होती, पाणी मागून घेतलं. दादा त्यांना शेंदून देत होता. जीपमध्ये मागे एक हरणी पडलेली होती. घागर घेऊन आलेली मैत्रीण थेट तिच्याजवळ गेली आणि तिच्या गळ्याखाली हात घातला. तिथले केस दोरीनं घासून गेलेले होते.

"पयाली नाई का जी?" तिनं विचारलं.

"नाही ना," त्यांच्यातला एक वयस्कर माणूस म्हणाला. बाकीचा कळप उधळला, ही एकटी उभी राहिली आणि मग सरळ त्यांच्याकडेच चालत आली, हे सांगताना त्याला स्वतःलाच नवल वाटत होतं. मग त्यानं मैत्रिणीच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचा आवाज उतरला. "तुमची होती का, पोरी? मग हिच्या गळ्यात काहीतरी बांधायचं होतं."

"बांधलं होतं जी," ती म्हणाली. "मीच काढलं."