घासलेल्या रुपयाची कड

माझ्या वडिलांकडे, दादांकडे, एक रुपयाचं जुनं, जाड नाणं होतं. त्याच्या कडेला नखाच्या कोरीएवढा तुकडा कमी होता. "टांकसाळीतूनच असं आलंय," असं दादा सांगत. लक्ष्मीपूजनाच्या ताटात त्याला पहिला मान. मी पदवीधर झाले, घरातली पहिलीच, तेव्हा दादांनी ठरवलं, की हे नाणं सरांना द्यायचं.

सर म्हणजे कडावच्या शाळेतले आमचे विज्ञानाचे शिक्षक. आता निवृत्त होऊन कर्जतला राहतात. कॉलेजचा फॉर्म त्यांनीच शेजारी बसून माझ्याकडून भरून घेतला होता. त्यांना नाण्यांचा नाद. त्यांचे दोन डबे आहेत. एकात टांकसाळीत चुकलेली नाणी, दुसऱ्यात नंतर कुणी कापलेली, ठोकलेली. दुसऱ्या डब्यातली ते मुलांना खेळायला देतात. दादांची भेट त्या डब्यात जाऊ नये, एवढीच माझी धास्ती होती.

ओळखायचं कसं, ते सरांनीच वर्गात दाखवलं होतं. तुकडा मुळातच कमी असेल तर छापताना त्याच्या बरोबर समोर दाब नीट बसत नाही आणि तिथली कड पुसट उठते. नंतर कापला असेल तर समोरची कड ठसठशीत राहते. सरांकडे जायच्या आदल्या दिवशी मी नाणं उजेडात धरलं. समोरची कड पुसट होती. मला इतका आनंद झाला, की मी दोनदा जेवले.

सकाळी निघताना पाहते, तर आई मोरीपाशी चिंच नि राख घेऊन तेच नाणं घासत होती. खाचेत अंगठा रोवलेला आणि समोरची कड दगडावर खसाखसा.

"आई, दर वर्षी असंच घासतेस?"

"मंग? धरायला तेवढीच तर जागा हाय. सरांच्या हातात मळकं देऊ व्हय गं?"

आता कड टांकसाळीने पुसली होती की आईने? रिक्षात मी दादांच्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे बघत राहिले. बोलावं की नाही, तेही ठरेना.

सरांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. "खाच खरी वाटते. पण ही कड... घासता का हो?"

"चकाचक केलंय ना सर! हिची आय दर दिवाळीला घासते," दादा खुशीत म्हणाले.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला काय वाटतं?"

"सर, मला कळत नाही."

"मलाही," ते म्हणाले. दोन्ही डबे समोर उघडे होते. त्यांनी नाणं कागदात गुंडाळलं, कागदावर 'कडाव' लिहिलं आणि आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकलं.

परतताना दादांनी विचारलं, "खिशात का गं ठेवलं त्यांनी? म्हंजे चांगलं का वाईट?"

मी जे पाहिलं होतं तेच सांगितलं.

"दादा, त्यांनी खिशाचं बटण लावलं."