लय चालते

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, उमरेडच्या भावाला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आता हे कारणसुद्धा मला जरा संशयास्पदच वाटतं. पण असू द्या.

मी संशयी माणूस आहे. मनीषनगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये हे सगळ्यांना ठाऊक आहे. मिक्सर घ्यायला गेलो तर दुकानदाराला विचारतो, तुमच्या घरी हाच आहे का? औषधाच्या दुकानात कोणी म्हटलं की ती गोळी नाही पण ही घ्या, सेमच आहे — तर मी चिठ्ठी परत घेतो आणि पायऱ्या उतरतो. मोबाइलवर लोक चांदण्या देऊन एखाद्या वस्तूची तारीफ लिहितात, ती मी दोनदा वाचतो. लिहिणारा दुकानदाराचा मेव्हणा तर नाही? बायको म्हणते, "तुम्ही मास्तर काहून झाले? पोलिसात जायचं होतं." सगळे हसतात. मीही हसतो. त्यांना वाटतं, गावाकडून आलेला माणूस आहे, शहरात कधीतरी फसला असेल.

फसलो असतो तर बरं झालं असतं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील हातमागावर बसायचे. त्यांच्या आधीच्या कोणाला सही येत नव्हती. मी बीएस्सी झालो, प्राणिशास्त्र घेऊन, आणि हे मी आजही छाती काढून सांगतो. शाळेत नोकरी लागेपर्यंत इतवारीकडच्या एका दुकानात उभा राहिलो. मासे धरायच्या सामानाचं दुकान — गरी म्हणजे गळ, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, शिशाची वजनं, रंगीत तरंगे, रॉड, रील, आणि आमिषाच्या कणकेत मिसळायच्या वासाच्या बाटल्या. शेठ माझी ओळख करून द्यायचे, "हे आपले सर. माशायचं पोस्टमार्टम करून आले." गिऱ्हाइकं हसायची, पण त्या दिवसापासून मला सर म्हणायला लागली. सर. आमच्या खानदानात हा शब्द कोणाच्या वाट्याला आला होता?

आणि पोस्टमार्टम खरंच केलं होतं. रोहूचे कल्ले, जठर, पोहण्याची पिशवी, सगळं मी ताटलीत मांडून दाखवलं असतं. पण मासा पाण्यातून बाहेर कसा काढतात ते मला माहीत नव्हतं. जन्मात कधी गरी टाकली नव्हती. आजही टाकलेली नाही.

मासे धरणारे लोक आपसांत फार संशयी असतात. कुठल्या तलावावर मिळाला विचारलं तर उलट्या दिशेचं गाव सांगतील. कणकेत काय मळलं विचारलं तर "साधीच हाय गा" म्हणतील आणि डबा पिशवीत सरकवतील. एकमेकांवर काडीचा भरवसा नाही, म्हणून ते सगळे माझ्यावर भरवसा ठेवायचे. मी मासे धरत नव्हतो ना. मला लपवायला काय होतं?

एक शब्द होता — तो मला फार कामाचा होता. चालते. आमच्या नागपुरात या एका शब्दावर निम्मे व्यवहार होतात. चहात साखर कमी पडली, चालते. पंखा बिघडलेला नसेल तर तोही चालते. आणि दुकानात एखादा माल भराभर खपत असेल तर तो — चालते. गिऱ्हाईक बाटली हातात घेऊन हळूच विचारायचं, "सर, हे चालते का?" म्हणजे पाण्यात. रोहूवर, कतल्यावर. मी म्हणायचो, "लय चालते." म्हणजे काउंटरवर. तो खूश, शेठ खूश. यात खोटं कुठे होतं? मी स्वतःला हेच विचारायचो. उत्तर मला आवडेल असंच यायचं.

पण बाटल्यांचं नाही सांगायचंय मला. बाटल्यांचं कोणीही सांगेल.

मंदाकाकू कन्हानहून आल्या होत्या. ऑटो दुकानासमोर उभा, मागच्या सीटवर त्यांचे यजमान बसलेले. काका खाणीतून निवृत्त झालेले. नोकरीत होते तेव्हा सुटी असली की बांबूची काठी घेऊन कन्हान नदीवर बसायचे, दोस्तांसोबत. मग लकवा आला. उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडून राहतात, काकू सांगत होत्या — लांब काठी एका हातानं पेलत नाही, म्हणून नदीवर जायचं नावच सोडलं. पण शेजारच्या कोणी तरी सांगितलं होतं की बटणाची एक रील येते. रॉड धरलेल्या हाताच्याच अंगठ्यानं बटण दाबायचं, तंगूस सुटतो. ती घ्यायला काका स्वतः निघून आले होते. किती महिन्यांनी अंगात धुतलेला शर्ट घातला होता म्हणे.

इतक्यात ऑटोतून एक आवाज आला. माझ्या कानाला तो नुसता घोगरा आवाज होता, शब्द नव्हता. काकूंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "पाणी मागून राहिले," म्हणाल्या, बाटली घेऊन गेल्या, पाजून आल्या. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्या म्हणाल्या, "मले समजते. डॉक्टरलेही मीच सांगते ना, हे काय म्हणून राहिले ते." हे सांगताना त्यांची मान जरा ताठ झाली होती. तो ताठा मी ओळखला. कोणी सर म्हटलं की माझी मानही तशीच व्हायची.

बटणाची रील आमच्याकडे नव्हती. एवढंच म्हणायचं होतं — नाही, काकू. पण शेठ गल्ल्यावर होते, नेहमीचे दोन-तीन लोक बाकावर बसून सर काय देतात ते पाहत होते. मी दुसरी रील काढली. चकचकीत, तारेची कडी असलेली. त्या रीलची कडी उघडायला एक हात लागतो आणि तेव्हा रॉड धरायला दुसरा. हे मला माहीत होतं. मासे धरण्यातलं मला काही येत नव्हतं, पण हे येत होतं — रोज दुकानात मी ती उघडून दाखवायचो, दोन्ही हातांनी.

काकूंनी विचारलं, "हे एका हातानं चालते का?"

"लय चालते, काकू."

"नक्की?"

"अहो, लय चालते."

त्या हाताबद्दल विचारत होत्या आणि मी खपाबद्दल सांगत होतो — असं मी कितीतरी वर्षं स्वतःला समजावलं. आता नाही समजावत. ती रील खपतसुद्धा नव्हती, हो. खोक्यावर धूळ होती. मी ती पँटला पुसून मग काउंटरवर ठेवली होती.

हाही माझा गुन्हा नाही. म्हणजे आहे. पण जो सांगायचाय तो हा नाही.

काही दिवसांनी काकू एकट्या आल्या, रील पिशवीत घेऊन. भांडायला आल्या नव्हत्या; नक्की काय झालं तेवढं सांगत होत्या. दोस्तांनी काकांना खुर्चीसकट घाटावर नेलं होतं. काकांनी रॉड गुडघ्यांत दाबला, डाव्या हातानं कडी उघडायला गेले, रॉड फिरला आणि लोंबणारी गरी डाव्या अंगठ्यात रुतली. उजवा हात ती काढू शकत नव्हता. दोस्तांनी काढली. एकुलत्या एक चालत्या हाताला पट्टी बांधली, आणि मग जखम सुकेपर्यंत काकू त्यांना घास भरवत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही तं म्हटलं होतं चालते म्हणून."

दुकानात गर्दी होती. बाकावरचे तेच लोक. शेठनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. काय विचार केला मी त्या क्षणी? फार काही नाही. आता हे लोक मला सर म्हणणार नाहीत — एवढाच.

"नाही, काकू," मी म्हणालो. "मी तेव्हाच म्हटलं होतं, एका हातानं चालत नाही. तुम्हीच ऐकलं नाही."

आवाज चढवला नाही. वर्गात मुलाला चूक दाखवतात, तसं म्हणालो. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, आता ओरडतील, शेठला सांगतील, हा खोटारडा आहे. मी तयारीत होतो. पुढचं खोटंही तयार होतं. पण त्या म्हणाल्या, "असं म्हटलं होतं का?"

"हो."

"मंग मी काय ऐकलं, बाप्पा?"

शेठ गल्ल्यावरून म्हणाले, "काकू, रील राहू द्या, कान दाखवून घ्या पहिले." बाकावरचे हसले. काकूही हसल्या थोड्या. पिशवी उचलली, पदर सारखा केला आणि गेल्या. बाकावरचा एकजण म्हणाला, "सर, लोक बी कसे राहतात ना." मी म्हणालो, "चालते."

अजून झालेलं नाही. मीही टाळतोय, माझ्या लक्षात येतंय.

पुढे मला शाळा मिळाली. दुकान सुटलं, लग्न झालं, मनीषनगरला घर घेतलं. काकू मी विसरलो होतो का? नाही. पण त्यांची आठवण आली की मी आधी शेठवर रागवायचो, मग बाकावरच्यांवर. स्वतःपर्यंत पोचेस्तोवर राग संपून जायचा. अशात एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न निघालं, कन्हानला. मांडवात मी पानावर बसलो होतो. कोणी तरी बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसलं आणि म्हणालं, "सर ना तुम्ही? गरीच्या दुकानातले?"

मंदाकाकू होत्या. मला वाटलं, आली वेळ. चार लोकांत पकडणार आता. त्यांच्या प्रत्येक शब्दात मी डाव शोधत होतो — काका कसे आहेत हे मी विचारायची वाट पाहतायत का? मुद्दाम गोड बोलतायत का?

त्यात डाव नव्हता. काकूंनी कान दाखवले होते. डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत. पण कान चांगले, तर त्या दिवशी असं उलटं कसं ऐकू आलं? मग डोक्यातच काही असेल. तेव्हापासून काका काही बोलले की त्या पुन्हा विचारायच्या. पाणी म्हटलं का चहा? उशी म्हटलं का खिडकी? आधी एका आवाजात कळायचं. आता कळायचं, पण त्या कळण्यावर भरवसा राहिला नव्हता. डॉक्टरसमोरसुद्धा त्या म्हणायला लागल्या, मले वाटते असं म्हणतात, पण नक्की सांगता येत नाही. काका चिडायचे. मग चिडणंही गेलं.

"आता ते बोलतच नाही," त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षात ते म्हणत काय होते आणि मी ऐकत काय होते, कोणाले माहीत."

मांडवात गाणी वाजत होती. वाढणारा माझ्या पानात भात टाकून गेला. मी तो कालवायला लागलो. मग त्या जरा पुढे झुकल्या आणि जे म्हणायला त्या माझ्याजवळ येऊन बसल्या होत्या, ते म्हणाल्या.

"सर, तुम्ही खरं सांगितलं होतं. मी सगळ्यायसमोर तुमच्यावर आळ घेतला. मनात धरू नका. माफ करा मले."

आता सांगतो. एक वाक्य पुरलं असतं. मांडवात मला ओळखणारं दुसरं कोणी ऐकतही नव्हतं — ना शेठ, ना बाक. पक्की नोकरी होती, घर होतं. कोणी मला सर म्हणायचं थांबणार नव्हतं. आणि मी डावा हात पुढे केला, कारण उजवा खरकटा होता, त्यांच्या हातावर ठेवला, आणि म्हणालो, "जाऊ द्या, काकू. वय झालं की होते असं. मी केव्हाच माफ केलं."

मी त्यांना माफ केलं.

त्यांचा चेहरा मोकळा झाला. खरंच झाला, त्यात मला आजही संशय नाही. उठताना म्हणाल्या, पोट भरून जेवजा. मी जेवलो. गोडसुद्धा घेतलं.

शाळेत विज्ञानात कानाचा धडा येतो. पडदा, हातोडी, ऐरण, रिकीब. मी तो भरभर संपवतो. मुलं म्हणतात, सर, हे परत सांगा ना, समजलं नाही. मी म्हणतो, पुस्तकात आहे.

कन्हान इथून लांब नाही. बस जाते. मी गेलेलो नाही. काका आहेत की नाहीत, मला माहीत नाही, आणि मी कोणाला विचारलेलंही नाही.

त्यांचे कान चांगले होते. डोकंही चांगलं होतं. पाणी म्हणजे पाणीच होतं आणि उशी म्हणजे उशी. मी चालते म्हणालो होतो. त्यांनी बरोबर ऐकलं होतं.