डिकीतली किमची

साडूंनी दिलेली किमचीची बरणी मी घट्ट झाकण लावून गाडीच्या डिकीत ठेवली आणि विसरलो.

आयर्लंडमध्ये एरवी ही चूक खपून गेली असती. इथल्या उन्हाळ्यात डिकीत दही लावलं तरी लागणार नाही. पण त्या आठवड्यात नेमकं ऊन पडलं. किमची म्हणजे कोबीचं कोरियन लोणचं, ते बरणीच्या आत आंबून फसफसत राहिलं. सासूबाई नागपूरहून यायच्या होत्या, त्यांना आणायला ब्लँचर्डस्टाउनच्या घरून डब्लिन विमानतळाकडे निघालो आणि वाटेत मागे धाडकन आवाज झाला. मला वाटलं टायर गेला. उतरून चारही टायरांना लाथा मारून पाहिल्या. टायर ठणठणीत होते. विमानतळावर सासूबाईंची बॅग ठेवायला डिकी उघडली तेव्हा उलगडा झाला, फुटली होती ती बरणी. सांडगे, कुरडया आणि उपासाची भाजणी घेऊन इतक्या लांब आलेल्या त्या बाईंनी नाकाला पदर लावला आणि आयर्लंडच्या भूमीवरचं पहिलं वाक्य उच्चारलं, "काय मेलं हो जावईबापू याच्यात?"

इथवर ठीक होतं. चुका करणं हा माझा जुनाच उद्योग आहे. पण ही चूक साडूंच्या हाती लागली.

साडू म्हणजे माझ्या मेव्हणीचे यजमान. गॉलवेच्या इस्पितळात सर्जन आहेत. एका कॉन्फरन्सच्या निमित्ताने आठवडाभर कोरियाला जाऊन आले आणि तेव्हापासून कोरिया जणू त्यांच्या आजोळचं गाव झालं. "कोरियात काय असतं माहितीये का?" अशी सुरुवात झाली की मी उठून चहा टाकायला जातो. ती किमचीही त्यांनी स्वतः घातलेली. तर या माणसाने माझी गोष्ट उचलली आणि डब्लिनमधल्या एकूण एक मराठी घरात सांगितली. साभिनय. टायरांना लाथा मारण्याची माझी नक्कल तर अशी करायचे की बायका डोळे पुसायच्या. चूक माझी, गाडी माझी, वास माझा, आणि टाळ्या यांना! वर शेवटी एक वाक्य ठरलेलं, "आणि हा म्हणे इंजिनिअर."

मी सूड घ्यायचा प्रयत्न केला नाही असं नाही. त्यांच्या वाढदिवसाला झाकणं नसलेल्या सहा बरण्या दिल्या. त्यांनी त्यात पुदिना लावला आणि फोटो पाठवून आभार मानले.

मग कळलं, यंदाच्या गणपतीत कार्यक्रमाचं निवेदन साडूंकडे आहे. सगळं मंडळ, त्यात माझ्या ऑफिसातली निम्मी टीम, समोर बसलेली असणार. "तुमची किमची आरती आणि मुलांच्या नाचाच्या मध्ये घेतलीये," असं त्यांनी मला फोन करून सांगितलं. इतकं मोठं मन! गणपतीला थोडेच दिवस उरले होते. तेवढ्यात या माणसाची अशी काही फजिती व्हायला हवी होती, की माझी गोष्ट काढली तर मीही त्यांची काढेन या भीतीने ते आयुष्यभर गप्प बसतील.

आणि संधी चालत आली. दोघी बहिणींनी आईला एक दिवस फिरवायचं ठरवलं. डब्लिनजवळ विकलोच्या डोंगरात एक छोटंसं बौद्ध मंदिर आहे. तिथे एक कोरियन भिक्षुणी राहतात, आणि आधी कळवलं तर रविवारी मंदिरातलं जेवण देतात. बुकिंगचं काम माझ्याकडे आलं. भिक्षुणींच्या उत्तरात शेवटी लिहिलं होतं की जेवण मुकाट्याने घ्यायचं, घेतलेलं संपवायचं, आणि मग गरम पाण्यात आपलं वाडगं मुळ्याच्या फोडीने घासून ते पाणी पिऊन टाकायचं.

मी ऑफिसात एकटाच इतका हसलो की शेजारचा आयरिश सहकारी, बरा आहेस ना या अर्थी, म्हणाला, "यू ग्रँड?"

मी म्हणालो, "नेव्हर बेटर."

कारण आमचे साडू हॉटेलात गेले की खिशातल्या ओल्या रुमालांनी चमचे पुसतात. माझ्या घरी प्रेसमधून (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) ग्लास काढतात आणि आधी स्वतः विसळतात. पाणीपुरी खातात ती हातमोजा घालून. असा माणूस सासूबाईंसमोर, पोरांसमोर आपलंच खरकटं पाणी पिणार! कोरियाला जाऊन आले तरी हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण तिथे ते पंचतारांकित हॉटेलात राहिले होते. ते उत्तर मी कोणालाही फॉरवर्ड केलं नाही.

रविवारी डोंगर चढायला लागलो. हेदर फुललेलं होतं, सगळा उतार जांभळा. मालकाच्या ओळखीसाठी पाठीवर निळे-लाल रंग फासलेल्या मेंढ्या आमच्याकडे परीक्षकासारख्या बघत होत्या. सासूबाई साडीवर लेकीचा रेनकोट आणि पायात नातीचे बूट घालून सगळ्यांच्या पुढे. सुंदर दिवस होता हो. पण मला डोंगर दिसत नव्हता, मला साडूंचा घसा दिसत होता, पाणी गिळताना वरखाली होणारा. हा आनंद एकट्याने पेलवेना. मागे रेंगाळलेल्या लेकीला मी शपथ घालून सगळा बेत सांगितला.

ती म्हणाली, "डॅड, दॅट्स सो मीन." मग जरा थांबून, "आय लव्ह इट."

आणि मावसभावाला गाठायला धावत सुटली. मला वाटलं, पोरीला डोंगर आवडला.

मंदिर म्हणजे दगडी फार्महाउस होतं. दाराबाहेर चिखलाचे रबरी बूट ओळीने, आत सोनेरी बुद्ध आणि कागदी कंदील. करड्या कपड्यांतल्या भिक्षुणी हसतमुख. "शूज हिअर, यू आर ग्रँड, यू आर ग्रँड." सासूबाईंनी बुद्धापुढे डोकं टेकवलं. इथल्या जेवणात कांदा-लसूण नसतो असं भिक्षुणींनी सांगितलं, बायकोने ते आईला सांगितलं, आणि चातुर्मास पाळणाऱ्या सासूबाईंचा चेहरा उजळला. "म्हंजे हे तं आपल्यातलेच निघाले." गॉलवेला साडूंच्या घरी त्यांना आमटीत लसूण सापडला होता. तेवढा एक गुण मी मनातल्या मनात स्वतःच्या खात्यात टाकून घेतला.

जमिनीवर बसलो, प्रत्येकापुढे लाकडी वाडगं. टाळी वाजली आणि मौन सुरू झालं. भात, तिळाच्या तेलातला पालक, अळंबी, टोफू, कमळकाकडी आली, आणि मिरचीची ती लालभडक चटणी. साडू मुळात खवय्ये आहेत, समोरच्याने भरपूर घेतलं की त्यांना राहवत नाही हे मला माहीत. म्हणून मी भरपूर घेतलं. चटणी घेतली, त्यांच्याकडे बघून भुवया उडवल्या, आणखी घेतली. तेल ओतलं. सगळं कालवलं. साडूंनी ऑपरेशनच्या आदल्या रात्री पेशंट घेतो तसा पांढरा भात आणि चिमूटभर पालक घेतला. मला वाटलं, ॲसिडिटी असेल. पुन्हा चटणी पुढे केली. त्यांनी हात जोडले. मीच घेतली.

जेवण मात्र असं होतं की सुडाचाही क्षणभर विसर पडावा. घाम फुटला, नाक वाहू लागलं, तरी मी खातच होतो.

मग किटली आली. भाताच्या खरवडीवर उकळलेलं पाणी होतं. भिक्षुणींनी मुळ्याची फोड चॉपस्टिकच्या काड्यांत धरून वाडगं कडेकडेने कसं घासायचं ते दाखवलं, आणि शांतपणे पिऊन टाकलं. हाच तो क्षण! मी मान वळवून साडूंचा चेहरा बघायला लागलो.

साडू माझा चेहरा बघत होते. मेव्हणी बघत होती. बायको बघत होती. भाचा ओठ दाबून बसला होता आणि माझ्या लेकीने गाल फुगवून नजर छताला लावली होती.

साडूंच्या वाडग्यात होतं नितळ पाणी. चहासारखं घोट घोट प्यायले. सासूबाईंनी एका दमात संपवून पदराने तोंड पुसलं. आणि माझ्या वाडग्यात तांबडा समुद्र, त्यावर तेलाची बेटं, मधे एक पालकाचं पान पोहत. ओतायला जागा नाही, बोलायला परवानगी नाही. डोळे मिटून प्यायलो. कानापर्यंत जाळ गेला. वाडगं खाली ठेवलं तर कड अजून लालच. भिक्षुणी आल्या, वाडग्यात डोकावल्या, अपार करुणेने हसल्या आणि पुन्हा पाणी ओतलं.

बाहेर बुटांच्या नाड्या बांधताना साडू म्हणाले, "साहेब, दोन्ही भाग सलग सांगू, की मधे मुलांचा नाच ठेवू?"

मी जीभ बाहेर काढून डोंगरावरची गार हवा खात होतो.

परत येताना सासूबाई माझ्या शेजारी पुढे बसल्या. मागे लेक झोपल्याचं सोंग घेऊन पडली होती. वळणांवरून गाडी उतरवताना माझ्या डोक्यात पुढचा बेत शिजायला लागला होता. नवरात्र आहे, दिवाळी आहे, माणूस काही कुठे जात नाही.

"आई," मी म्हणालो, "तुम्हाला आधीच कळलं होतं?"

"डोंगरावरच. पोरानं सांगतलं समद्यायले."

"मग मला तरी सावध करायचं ना!"

त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"कायले? तुमाले सूड घेनं जमत नाई, जावईबापू. तुमी आपली गाडी चालवा. अन् काच खाली घ्या, अजून वास येऊन राह्यला."