बहिणीच्या स्वप्नातली मारबत

माझ्या मोठ्या बहिणीच्या स्वप्नात मारबत यायची आणि तिच्या नवऱ्याचा हात खांद्यापासून उपटायची. कोंबडीची तंगडी उपटावी तसा, एक पीळ देऊन. हे मी तिखटमीठ लावून लिहीत नाही. तिने मला याच शब्दांत सांगितलं, भर रस्त्याच्या कडेला, माझ्या स्कूटरवर मागे बसून.

नागपूरकरांना मारबत समजावून सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बांबू-कागदाची एक अक्राळविक्राळ बाई उभी करायची. वर्षभराचे रोग, भांडणं, पीडा तिच्या डोक्यावर घालायच्या, ओरडत मिरवायची आणि जाळून टाकायची. आधी तिच्या पायावर लेकरं घालायची, मग तिलाच काडी लावायची. बाईचं काय करायचं असतं याचं इतकं चोख प्रात्यक्षिक मी दुसरं पाहिलेलं नाही. शहरात तिची केवढी मिरवणूक निघते, पुढाऱ्यांचे पुतळे निघतात, टीव्हीवाले येतात. खेड्यात ती लहान असते, कधी नुसत्या चिंध्यांची. पण रीत तीच. एकजण मोठ्याने पीडेचं नाव घेतो आणि बाकी सगळे एका आवाजात ओरडतात, "घेऊन जाय गे मारबत!"

बहीण पारशिवनीच्या अलीकडच्या एका गावात दिलेली आहे. गावाचं नाव लिहीत नाही, वकिलांनी नको म्हटलंय. त्या वर्षी राखीच्या सुमारास ती माहेरी आली. मी पुढच्या खोलीत पत्रकांच्या घड्या घालत बसले होते. आम्ही पाच-सहा पोरंपोरी बुवाबाजीच्या विरोधात काम करतो. पत्रकं छापतो, चौकात वाटतो, शिव्या खातो. ती भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप घेऊन माझ्यासमोर बसली. बाहेर उकाडा, आणि हिच्या ब्लाउजच्या बाह्या मनगटापर्यंत.

"मी झोपेत ओरडते म्हणते," ती म्हणाली. "सासूनं ऐकलं. म्हणे, मारबत मारबत करून राहिली होती."

"मग?"

"मग काय. भगताकडे नेलं."

भगत म्हणजे गावातला अंगारेधुपारेवाला. त्याचा निकाल सरळ होता. जिच्या स्वप्नात मारबत दिसते, तिच्या अंगात मारबत असते. पोळ्याला दाराला पळसाच्या फांद्या लावतात, त्या दुसऱ्या दिवशी सकाळी काढायच्या आणि त्याच फांद्यांनी हिला झोडपत गावाच्या शिवेपर्यंत न्यायचं. शिवेवर चिंध्यांची मारबत जळेल आणि हिच्या अंगातली पळेल.

"अन् नाही पळाली तर?" मी विचारलं.

"तर पुढच्या साली." तिने एक शेंग फोडली. "तुये भाऊजी म्हणे, पुढच्या सालपर्यंत कायले थांबायचं, रोज घरीच काढू."

माझं डोकं सणकलं. मी हातातलं पत्रक उघडून तिला ठळक ओळ वाचून दाखवली. ती ओळ माझीच आहे आणि मला तिचा अभिमान आहे: स्वप्नाला अर्थ नसतो, अर्थ सांगणारा तुमचा खिसा कापतो.

"बरं," ती म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

तिची बाही मी वर केली. कोपरापासून वर पट्ट्याचे वळ होते, काही जुने पिवळे, काही ताजे. एका ठिकाणी तापलेल्या सांडशीचा डाग होता, दोन्ही पात्यांचा, स्पष्ट. आईला बोलावून दाखवला. आईने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "एका दिवसाचा प्रकार आहे माय. होऊन जाऊ दे. मग तरी शांत होतील." मी आईला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण तिचं ते वाक्य लिहिते, कारण हे वाक्य घरोघरी बोललं जातं आणि पट्ट्याइतकंच लागतं.

दुसऱ्या दिवशी मी बहिणीला रामदासपेठेत एका समुपदेशकाकडे नेलं. म्हटलं, भगत नको तर शिकलेला माणूस पाहू. थंडगार खोली, काचेच्या पेटीत मासे. त्याने डोळे मिटून स्वप्न ऐकलं, तेही अर्धंच, आणि मग आम्हाला शिकवलं की मारबत म्हणजे तुमच्या आत दडपलेली स्त्रीशक्ती आहे, ती तुमचीच सावली आहे, तिला घाबरू नका, मिठी मारा, तिचं रंगीत चित्र काढून आणा. पुस्तकात नागाचा एक अर्थ, पंखवाल्या घोड्याचा एक, राक्षसिणीचा एक; त्याने तिचं स्वप्न त्या कप्प्यात टाकलं आणि कप्पा बंद केला. मनगटापर्यंतच्या बाह्यांबद्दल एक शब्द विचारला नाही.

येताना सदर भागातल्या सिग्नलला गाडी थांबली तर मागे बसलेली ही हसायला लागली.

"काय झालं वं?"

"काही नाही. एक म्हणते झोडपा. एक म्हणते मिठी मारा. तू म्हणते अर्थच नाही. मले कोणी इचारलं का, थे सपनात करते काय म्हणून?"

सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्न वाजवले. मी गाडी बाजूला घेतली.

"काय करते?"

तेव्हा तिने हात उपटायचं सांगितलं, सगळं. मारबत दार मोडून आत येते. हिला हात लावत नाही. भाऊजींचा उजवा हात पिळून काढते आणि हिच्या मांडीवर आणून ठेवते. हाताच्या मुठीत पट्टा तसाच असतो, आणि बोटं हलत असतात.

"अन् मले भेव नाही वाटत," ती म्हणाली. "अजिबात नाही वाटत. त्याचंच भेव वाटते."

मी म्हटलं, परत जाऊ नकोस. ती म्हणाली, "नाही गेली तर म्हणतील, पाहा, खरीच होती म्हणून पळाली. मंग जन्मभर मारबतच." गेली. मी पोलिसांकडे अर्ज दिला. तिथे ऐकायला मिळालं की अजून काही घडलेलं नाही ना, घडलं की या. म्हणजे बाईला आधी झोडपू द्या, मग कागद घ्या. हे यांचं टाइमटेबल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचे सगळे साथी नागपुरातल्या महाल भागात मिरवणुकीत पत्रकं वाटायला गेले. मी डिक्कीत दोन गठ्ठे टाकले आणि गाडी पारशिवनीच्या रस्त्याला घातली.

पोचले तेव्हा गाव चौकात जमलेलं होतं. बांबूला चिंध्या गुंडाळलेली मारबत, तोंडाला डांबर, लाल कागदाची जीभ. तिच्या शेजारी माझी बहीण. तिच्याही तोंडाला काळं फासलं होतं. केस सोडलेले. सासूच्या हातात दारावरून उतरवलेली पळसाची फांदी, भाऊजींच्या हातात दुसरी, आणि मध्ये भगत, कपाळभर शेंदूर.

मी गाडी तिथेच आडवी टाकली आणि ओरडले, हा गुन्हा आहे, कायदा आहे, एकेकाला आत टाकीन.

"आली पाहा कागदवाली," भाऊजी म्हणाले. लोक हसले. "तुये कागद घे अन् शेंगदाणे इक बसस्टँडवर."

मी पत्रकं काढली. त्यांनी गठ्ठा हिसकून चिखलात फेकला आणि मला छातीवर ढकललं. मी पडले. उठायच्या आत पहिली फांदी हिच्या पाठीवर बसली होती. ओल्या फांदीचा आवाज फटाक्यासारखा येत नाही, कणीक आपटावी तसा येतो. सासू मारत होती, भाऊजी मारत होते, मग आणखी चार जण पुढे झाले. मी मध्ये घुसले तर एक फटका माझ्या कानावर आला आणि त्या कानात शिट्टी सुरू झाली. ती अजून मधूनमधून वाजते. बहीण ओरडत नव्हती. वरात अशीच शिवेपर्यंत सरकली. पुढे मारबत, मागे ही, मागे फांद्या, आणि त्यांच्यामागे मी, कोणाचा ना कोणाचा शर्ट ओढत.

शिवेवर रीतीप्रमाणे पीडा सांगायला सुरुवात झाली. सासूने फांदी उंच धरली.

"खोकला, खरूज!"

"घेऊन जाय गे मारबत!" सगळं गाव.

"ढोराचा रोग, कपाशीची अळी!"

"घेऊन जाय गे मारबत!"

आणि इथे भगताला जास्तीची हुशारी सुचली. त्याने हिच्या केसांना धरून तोंड वर केलं. "आता तू बोल. तूच मारबत नं? सांग गावाले, काय काय घेऊन जाऊन राहिली?"

बहिणीने ओठावरचं रक्त चाटलं. मग जो आवाज निघाला तो मी तिच्याकडून जन्मात ऐकला नव्हता.

"नवऱ्याचा पट्टा!"

"घेऊन जाय गे मारबत!" गाव ओरडलं. लहानपणापासूनची सवय. नाव आलं की जाब द्यायचा. काय म्हटलं हे डोक्यात शिरायच्या आत गळ्यातून निघून गेलं होतं.

"सासूची तापली सांडशी!"

"घेऊन जाय गे मारबत!" आता निम्मे आवाज. पोट्टे सगळ्यात जोरात.

"बाहेरून लावलेली कडी!"

पुरुष आता एकमेकांकडे पाहत होते. पण मागच्या बाजूने, डोक्यावर पदर घेतलेल्या बायकांकडून उत्तर आलं. ओरडून नाही, पण एका सुरात. "घेऊन जाय गे मारबत."

"गप बस!" सासू किंचाळली. "बह्याड झाली थे, ऐकू नका!"

"पोटावरची लाथ!" बहीण म्हणाली. "पोटात होतं थे गेलं, थेही घेऊन जाते!"

हे मलासुद्धा माहीत नव्हतं.

बायकांनी पुन्हा जाब दिला. आणि भाऊजींनी काय केलं? पॅन्टचा पट्टा काढला. सगळ्या गावासमोर, जिचं नाव आत्ताच घेतलं तीच वस्तू, सरसर काढली आणि फिरवली. बकल हिच्या भुवईवर लागलं. कातडी उघडली, डोळा रक्ताने भरला. दुसऱ्यांदा पट्टा आला तेव्हा तिने टोक धरलं, मनगटाला एक वेढा घेतला आणि मागे ओढलं. ते तोंडावर आपटले, चिंध्यांच्या मारबतीच्या पायाशी. सासूच्या हातातली फांदी तिने काढून घेतली. भाऊजींचा उजवा हात जमिनीवर पसरलेला होता. तिने त्याच हातावर मारलं. एकदा नाही. फांदी मोडेपर्यंत. हाड गेल्याचा आवाज आला, आणि भाऊजी लहान पोरासारखे माय माय करू लागले.

मी तिला अडवलं नाही. आमच्या पत्रकावर वर अहिंसा छापलेली असते. तरीही अडवायला हवं होतं असं मला आजही वाटत नाही.

दोघं-तिघं तिच्या अंगावर यायला निघाले. ती मागे सरकत शिवेच्या दगडापलीकडे गेली आणि थांबली.

"या," ती म्हणाली. "शीव ओलांडून या मारबतीमागं. कोणाच्या घरी रोगराई पाहिजे?"

कोणी आलं नाही. शिवेबाहेर घातलेल्या मारबतीमागे जायचं नसतं, वळून पाहायचंही नसतं. तिची पीडा मागे लागते. भगतानेच ही भीती वर्षानुवर्षं पोसली होती, आणि आता तोच सगळ्यात मागे उभा होता. शेवटी सासूच बोलली, पण आवाज बदलून. "चाल घरी. झालं गेलं. निघाली ना पीडा."

"तुमीच बाहेर घातली नं मले? बाहेर घातलेली मारबत वापस येते का कधी?"

मी चौकात जाऊन गाडी आणली. हँडल वाकलेलं होतं. ती मागे बसली, भुवईवर माझी ओढणी दाबून. मागे चिंध्यांची मारबत पेटलेली असणार, धुराचा वास येत होता. आम्ही दोघींनी वळून पाहिलं नाही.

टाके पडले. आता घडलेलं होतं, त्यामुळे पोलिसांना कागद घ्यावा लागला. उलटी तक्रारही झाली, मोडलेल्या हाताची. भगत जामिनावर घरी आहे, अंगारा देणं चालू आहे. साक्षीला गावातून कोणी येईना. कोणी काही पाहिलं नाही, सगळ्यांच्या डोळ्यांत धूर गेला होता. एक शेजारीण तेवढी आली, तीही माहेरी जाते सांगून. मी तिला विचारलं, तुम्हाला त्रास देतील, तरी काहून आल्या? ती म्हणाली, "मारबतीसमोर 'घेऊन जाय' म्हटलं बाई मी, अन् तोंडानं म्हटलं. आता नाही म्हणू कशी?"

पत्रकातली माझी ओळ मी काढलेली नाही. स्वप्नातली राक्षसीण पुढचं काही सांगत नाही, आणि सांगते म्हणणाऱ्याचा खिशावर डोळा असतो. पण त्या ओळीखाली आता आणखी एक छापतो: ज्या बाईला असं स्वप्न पडतं, तिला आधी विचारा, घरी कोणी मारतं का. साथी म्हणाले, ओळ लांबते. मी म्हटलं, लांबू दे.

बहीण माझ्याच खोलीत राहते. पुढच्या महिन्यात कोर्टाची तारीख आहे. परवा सकाळी चहा घेताना मी विचारलं, "अजून येते का गं ती?"

"येते नं."

"काय करते?"

"काही नाही. थो हात घेऊन बसते उंबऱ्यात. मले म्हणते, हा कुठी ठेवू?"

"मग?"

तिने बशीतला चहा फुंकला. "म्हटलं, तारखेपर्यंत राहू दे."