थोरल्याची बिनशिंगी हरणी

थोरला पाट्या रंगवायचा. शाळा सातवीपर्यंत, पण त्याच्या हाताला तोड नाही असं सगळे म्हणायचे. म्हणजे थोरला म्हणायचा आणि बाकीचे गप्प बसायचे.

धाकटी बहीण माळावर राखणीला होती. गवत कुणी पेटवू नये, कुत्री कळपात शिरू नयेत, हे तिचं काम. हरणं उरली होती एकोणचाळीस. त्यात माळाच्या मधून रस्ता काढला आणि एका महिन्यात तीन पाडसं ट्रकखाली गेली. बऱ्याच हरण्या अजून व्यायच्या होत्या. धाकटी तडक दुकानात आली.

"दादा, पाटी हवी. नुसतं चित्र. भरधाव गाडीतून अक्षर कोण वाचतंय?"

अक्षराचा अपमान थोरल्याने गिळला. "चित्र बघून ड्रायव्हर खाली उतरून नमस्कार करतील, बघ तू!"

दोन दिवस दार लावून त्याने हरीण काढलं. छाती पुढे, पाय हवेत, डोक्यावर झाडाएवढी शिंगं.

धाकटीने मान वाकडी केली. "आपल्या हरणांच्या शिंगांना पीळ असतो. फाटे नसतात."

"असू देत की. शोभा येते."

"फाटे फोडायची तुझी खोड जुनीच. आणि रस्ता ओलांडतात त्या हरण्या, पाडसं घेऊन. त्यांना शिंगंच नसतात."

बिनशिंगाचं हरीण! म्हणजे मिशा उतरवलेला पैलवान! पण धाकटी नाही म्हणाली की नाही. थोरल्याने रंग खरवडला, हरणी काढली, शेजारी पाडस काढलं, आणि पाटी रस्त्याच्या वळणावर उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो वळणावरच्या चहावाल्याकडे ठाण मांडून बसला. कौतुक आपल्या कानांनी ऐकायचं होतं. एक ट्रक अगदी सावकाश आला, थांबला. ड्रायव्हर चहा घेत म्हणाला, "इथं शेळ्या फार दिसतात."

"शेळ्या?"

"पाटीवर आहे ना, करडू घेऊन."

"डोळे खिशात ठेवून गाडी चालवता काय? हरणी आहे ती!"

"हात्तिच्या! मग उगाच ब्रेक मारला." ड्रायव्हर हसला. "शेळीला मालक असतो, दादा. चाकाखाली आली तर काठी घेऊन धावतो. हरणामागं कोण येतंय?" आणि ट्रक धूळ उडवत सुसाट गेला.

थोरल्याने तरातरा शिडी आणली, डबा आणला. पाटीवर हातभर अक्षरांत 'हरीण' लिहायचं, की विषय संपला. ब्रश टेकणार तेवढ्यात धाकटी सायकलवरून आली आणि तिने शिडीच धरली.

"उतर खाली."

"लोक शेळी म्हणतायत गं! माझ्या हरणीला!"

"म्हणू देत. सकाळपासून सगळ्या गाड्या हळू गेल्यात. कळप पलीकडे पोचला, पाडसांसकट. तू हरीण लिहिलंस तर उद्या पुन्हा मला मेलेली उचलावी लागतील."

थोरला शिडीवरच. ब्रशचा रंग कोपरापर्यंत ओघळला. खालून दुसरा ट्रक हळूहळू आला. ड्रायव्हरने मुंडकं बाहेर काढलं, "शेळी झकास काढलीय हो, पेंटर!"

थोरल्याने धाकटीकडे पाहिलं, ब्रश डब्यात टाकला.

"करडू पण बघा," तो वरून ओरडला, "नुसत्या कानाला दीड तास गेलाय!"