दंडावरचा दोरा

माझ्या सासूचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. ती जाऊन कैक वर्षं झाली. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणोत बापडे. मी बोलणार.

थोरली आक्का आणि मी, आम्ही दोघी सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावाही. माहेर शहाद्याजवळचं लोणखेडा, सासर दोन कोसांवर, एकाच घरात. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. त्या थंडीत गावभर पोरांना गालगुंडं झाली. आक्काचा मुलगा दहा महिन्यांचा, अंगावर पिणारा. तो वाचला आणि आक्काच तापाने आडवी झाली. गळा आणि जबडा सुजून एक झाला. तापात दूध दिलं की कफ होतो, असं म्हणून सासूने तिला पंधरा दिवस दुधाचा थेंब दिला नाही. ज्वारीच्या पातळ कण्यांवर ठेवलं. पोरगं मात्र तिलाच लुचत होतं, त्याला कुणी बंदी केली नाही.

ताप उतरल्यावर तिसऱ्याच दिवशी तिला चुलीपुढे बसवलं. भाकरी थापता थापता तिची बोटं वळली. अंगठा तळहातात गेला, बाकीची बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली. ओठांभोवती मुंग्या येताहेत, म्हणाली. घटकाभराने हात सुटला, पण मग हे रोजचंच झालं. आधी ती कामचुकार ठरली, मग तिला बाहेरची बाधा झाली, मग चार बायका कुजबुजल्या आणि ती डाकीण झाली. हे सगळं एका आठवड्यात. बाईला पायरीवरून खाली ढकलायला आमच्या गावाला वेळ लागत नसे.

सासूने भगताला बोलावलं. दंडाला मंतरलेला दोरा करकचून बांधायचा, अंगात काही असेल तर हातच सांगेल, असं तो म्हणाला. दंड धरायला मला पुढे केलं. मी धरला. नाही म्हणायची माझी छाती झाली नाही, आणि त्याबद्दल मी स्वतःलाही सोडत नाही. दोन-तीन मिनिटांत आक्काचं मनगट वाकलं आणि बोटं पुन्हा तशीच वळली.

“दोरा बांधा नि बोटे वाकडा व्हयनात,” भगत म्हणाला. “आते आखो काय दखाडू?” याहून आणखी काय पुरावा दाखवू, असा त्याचा सूर.

सासूने तिथल्या तिथे निकाल दिला, आक्का माहेरी आणि पोर इथेच. “इले माहेरले धाडी द्या. पोऱ्या आठेच ऱ्हाई.”

आक्काचा नवरा ओट्यावर बसला होता. बैलांवर खेकसताना ज्याचा आवाज शिवारभर जायचा, तो गडी उठला आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

वडिलांनी तिला बैलगाडीत घालून नंदुरबारच्या एका डॉक्टरांकडे नेलं. तिथलं मला आक्कानेच पुढे सांगितलं. डॉक्टरांनीही दंडाला पट्टा आवळला आणि थांबले. बोटं तशीच वळली. ते म्हणाले, हिच्या रक्तातला चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी झालाय. शिरेत सावकाश इंजेक्शन दिलं, आणि सुई काढायच्या आत बोटं मोकळी झाली. गळ्यात गव्हाच्या दाण्याएवढ्या चार गाठी असतात, चुन्याचं प्रमाण त्यांच्या रसावर राहतं. त्या तापाने आणि सुजेने मंदावल्या असतील, त्यात अंगावर पाजणं आणि पोटात काही नाही. तापच कारण आहे असं छातीठोक सांगता येणार नाही, असंही ते म्हणाले. एवढा शिकलेला माणूस ‘असेल’ म्हणाला, आणि ज्याला स्वतःची सही येत नव्हती तो भगत ‘आहेच’ म्हणाला होता. दोघांनी खूण एकच पाहिली. एकाने औषध दिलं, दुसऱ्याने आईपासून लेकरू तोडलं. आणि गावाने मानलं कुणाला, तर दुसऱ्याला.

अडीच महिने पोर माझ्यापाशी होतं. शेळीचं दूध मी त्याला कापसाच्या बोळ्याने पाजलं. मग गहू सोंगायला माणसं कमी पडली, तेव्हा कुठे सासूला थोरली सून आठवली. मला बरोबर घेऊन ती लोणखेड्याला गेली.

“हात बरा व्हयनात ना? चाल मंग. काम पडेल शे.”

‘चुकलं माझं’ नाही, की ‘कशी आहेस’ म्हणून दोन शब्द नाहीत. आक्काने आधी पोर आणून द्यायची अट घातली. म्हणाली, “पोऱ्याले आठे लई या, मंग मी येसू.”

सासू तणतणत परतली. दुसऱ्या दिवशी तिला न विचारता मी पोराला कडेवर घेतलं आणि चालत माहेर गाठलं. आक्का दारातच होती. तिने दोन्ही हात पुढे केले. पोराने तिच्याकडे पाहिलं, ओठ काढले, आणि माझ्या मानेत तोंड खुपसून रडायला लागला. मी त्याला सोडवून तिच्याकडे द्यायला गेले, तर त्याने माझा पदर मुठीत घट्ट धरला.

आक्काने हात मागे घेतले.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “आते तो तुलेच माय समजस.”