गौतमदादांची चक्कर

गौतमदादा गाडीचं बॉनेट उघडून एसीच्या दोन पाइपांवर दोन हात ठेवायचे आणि डोळे मिटायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच आलं, जणू वैद्यबुवा नाडी बघतायत!

"एक गरम, एक गार लागाया पायजे," ते म्हणाले. "दोनी सारकेच लागतात, म्हंजे गॅस नाय. पन गेला कुठं, ते आदी बगू."

किन्हवलीच्या शाळेत शिकवायला जाताना त्यांचं पत्र्याचं गॅरेज लागायचं. दुसऱ्या एकाने माझ्या जुन्या गाडीत त्या उन्हाळ्यात दोनदा गॅस भरून दिला होता. दादांनी प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावला आणि तासाभराने एक इवलासा बुडबुडा दाखवला. "ह्यो बगा चोर!"

दुरुस्ती झाली की मालकाला शेजारी बसवून, काचा लावून डोळखांबच्या रस्त्याला चक्कर मारायची, हा त्यांचा नियम. "उभ्या गाडीत एसी खोटं बोलतो, ताई. चढावर खरं बोलतो."

पहिल्या मैलातच गार लागायचं, पण दादा गाडी वळवत नसत. आज डब्याला काय होतं, शाळेत पोरं किती आली, सगळं विचारायचे. वहिनी डबा घेऊन गॅरेजवर यायच्या, त्या गेल्यापासून दोन घास एकट्याने गिळवत नाहीत, हेही त्यांनी अशाच एका चढावर सांगितलं. मुलगा गुजरातेत, रविवारी फोन. ही चक्कर एसीसाठी नाही, हे मला कळून चुकलं होतं.

आणि तरीही गेल्या वर्षी मे महिन्यात, एसी दुरुस्त झाल्यावर, एका लग्नाला जायला उशीर होतोय म्हणून, मी म्हणाले, "दादा, आज चक्कर राहू द्या."

त्यांनी किल्ली क्षणभर हातातच धरली. "बरं. टाइम नसंल तर काय करनार," म्हणाले आणि उगाच स्टिअरिंग पुसून दिलं. आरशात ते फडकं घेऊन रस्त्यात उभे दिसले. मी पाहिलं आणि निघाले.

श्रावणात गॅरेजला कुलूप होतं. समोरची चहावाली म्हणाली, "दुपारचा खाटेवर पडला, तो उठलाच नाय गो. सांजचं गिऱ्हाईक आलं तवा समजलं."

यंदा एसी पुन्हा बिघडला. शहापूरच्या मेकॅनिकने ऑफिसच्या खिडकीतूनच किल्ली दिली, "झालं, मॅडम." मी काचा लावल्या आणि डोळखांबच्या रस्त्याला लागले. शेजारची सीट रिकामी होती.

पहिल्या मैलातच गार लागलं. मी गाडी वळवली नाही.